‘इल ग्वारानी’चे पुनर्मंचन : स्वरलिपीतील आदिवासी आणि रंगमंचावरील आदिवासी

१९ मार्च १८७० रोजी मिलान येथील ला स्काला नाट्यगृहात ‘इल ग्वारानी’ या चार अंकी ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. ब्राझीलमधील कांपिनास या गावी जन्मलेल्या आंतोनिओ कार्लोस गोमेस (१८३६–१८९६) याची ही कृती. ब्राझीलच्या बादशहाच्या आश्रयाने संगीताच्या शिक्षणासाठी इटलीत आलेल्या या तरुणाला एका रात्रीत कीर्ती लाभली, आणि युरोपच्या ऑपेरागृहांनी आपला म्हणून स्वीकारलेला नव्या जगातील पहिला संगीतकार असे त्याचे स्थान मानले जाऊ लागले. ऑपेराचा नायक ग्वारानी जमातीचा. त्याची भूमिका इटालियन गायकाने केली. नरभक्षक आयमोरे टोळीच्या नायकाची भूमिका व्हिक्तोर मोरेल या तरुण फ्रेंच गायकाने केली. पुढे व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’तील पहिला इयागो व पहिला फाल्स्ताफ म्हणून प्रसिद्धीस आलेला मोरेल तो हाच. नायक, खलनायक, सरदार आणि सरदारकन्या सर्व इटालियन भाषेत गात होते. ज्यांच्या नावाने ऑपेरा ओळखला जातो त्या ग्वारानी लोकांचा या सर्व व्यवहाराशी काही संबंध नव्हता.

मे २०२३ मध्ये साओ पाउलो येथील म्युनिसिपल थिएटरात याच ऑपेराचे जे पुनर्मंचन झाले, त्यात हा संबंध प्रथमच गंभीरपणे जोडला गेला. प्रयोगाची मूळ संकल्पना आयल्तोन क्रेनाक या आदिवासी विचारवंताची होती. दिग्दर्शन सिबेले फोर्जाज यांनी केले. कलादिग्दर्शन व नेपथ्य यांत बानिवा जमातीचे चित्रकार देनिल्सन बानिवा यांचा मोठा वाटा होता. वाद्यवृंदाचे संचालन रोबेर्तो मिंचुक यांनी केले. पेरी आणि सेसिलिया या नायक-नायिकांची गाणी नेहमीप्रमाणे ऑपेराच्या गायकांनीच म्हटली. परंतु त्या प्रत्येकाच्या जोडीला एकेक आदिवासी नट रंगमंचावर होता : पेरीबरोबर दावीद वेरा पोपिग्वा जु आणि सेसिलियाबरोबर तेंतेहार जमातीच्या अभिनेत्री झाही तेंतेहार. याखेरीज साओ पाउलो शहराच्या हद्दीतच असलेल्या जारागुआ येथील ग्वारानी लोकांचा ‘किरेई कुएरी’ हा गायक-वादकांचा मेळा स्वतःच्या संगीतासह या प्रयोगात सहभागी झाला होता.

या योजनेचे स्वरूप नीट समजण्यासाठी ऑपेरा या प्रकाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. मराठी संगीत नाटकात गद्य संवादांना मोकळीक असते. पदाची चाल ठरलेली असली तरी नट ते किती वेळ आणि कशा रीतीने आळवील यावर बंधन नसते. प्रसंगी पद गाळले जाते वा नवे घातलेही जाते. ऑपेरात आरंभापासून अखेरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरलिपीत बद्ध असतो, आणि त्या शब्दाच्या वेळी कोणते वाद्य कोणता स्वर लावील हेही लिहून ठेवलेले असते. एखादे वाक्य आक्षेपार्ह वाटले म्हणून ते बदलावयाचे ठरविले, तर त्याबरोबर संगीताचीही मोडतोड करावी लागते. म्हणून जुन्या ऑपेराचा नवा अन्वय लावू पाहणाऱ्या दिग्दर्शकाच्या हाती दृश्य भाग, म्हणजे नेपथ्य, वेष, प्रकाश आणि नटांची शरीरे, एवढेच काय ते राहते. ऐकू येणारे बदलत नाही; दिसणारे मात्र पूर्णपणे बदलता येते. साओ पाउलोच्या प्रयोगाचे सारे सामर्थ्य, आणि त्याची मर्यादाही, या एका गोष्टीत आहे.

ऑपेराचे कथानक जुझे दे आलेंकार याच्या ‘ओ ग्वारानी’ या कादंबरीवरून घेतलेले आहे. ही कादंबरी १८५७ साली रिओ दि जानेरो येथील एका दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे इटालियन संहितेत रूपांतर आंतोनिओ स्काल्व्हिनी व कार्लो दोर्मेव्हिल यांनी केले. दों आंतोनिओ हा पोर्तुगीज सरदार ब्राझीलच्या अरण्यात गढी बांधून राहतो. त्याच्या पक्षाच्या एका माणसाकडून शिकारीत चुकून एक आयमोरे मुलगी मारली जाते, आणि आयमोरे सूडासाठी उठतात. पेरी हा ग्वारानी नायक सरदारकन्या सेसिलियावर अनुरक्त असून तिच्या रक्षणार्थ आपल्याच खंडातील लोकांविरुद्ध उभा राहतो. गोन्झालेस नावाचा एक साहसी स्पॅनियार्ड सेसिलियाला पळविण्याचा व चांदीची खाण बळकावण्याचा कट करतो. (कादंबरीत हा दुष्ट मनुष्य इटालियन असून पूर्वाश्रमीचा धर्मोपदेशक आहे. मिलानच्या प्रेक्षकांसाठी तो स्पॅनिश झाला. आपले चित्र दुसऱ्याच्या रंगमंचावर कसे यावे यासंबंधी इटालियन प्रेक्षकाच्या भावना जपल्या गेल्या. आयमोरेंच्या भावनांचा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही.) तिसऱ्या अंकात आयमोरेंच्या तळावर पेरीला मारून खाण्याची सिद्धता होते. चौथ्या अंकात पेरी आपल्या देवांचा त्याग करतो, दों आंतोनिओ त्याला बाप्तिस्मा देतो, आणि ख्रिस्ती झाल्यानंतरच सेसिलिया त्याच्या स्वाधीन केली जाते. त्यानंतर सरदार दारूगोळ्यास आग लावून शत्रूंसह गढी उडवून देतो.

या कथेत आदिवासींचे दोन वर्ग पाडलेले आहेत. एक निष्ठावान, देखणा आणि धर्मांतरास सिद्ध. दुसरा रानटी, नरभक्षक आणि नाशास पात्र. ही विभागणी आलेंकारची स्वतःची कल्पना नव्हे. किनाऱ्यावरील तुपी लोकांशी पोर्तुगीजांचा संबंध प्रथम आला व त्यांच्याकडूनच त्यांना आतल्या प्रदेशातील लोकांची नावे कळली. ‘आयमोरे’ हे नाव तुपी शेजाऱ्यांनी दिलेले आहे. पुढे पोर्तुगीजांनी या लोकांस ‘बोतोकुदो’ म्हटले. ओठात व कानाच्या पाळीत ते लाकडी चकती घालीत; पोर्तुगीज भाषेत तिच्यासाठी जो शब्द वापरला जाई, त्यावरून हे नाव पडले. नरभक्षणाच्या विधीविषयी जे वृत्तान्त सोळाव्या शतकात हान्स स्टाडेन (१५५७) आणि झाँ द लेरी (१५७८) यांनी लिहिले, ते तुपी वंशाच्या तुपिनांबा लोकांचे आहेत. बंदिवानाला काही काळ वागवणे, त्याला स्त्री देणे, मग समारंभपूर्वक त्याचा वध करणे हा सारा तपशील त्या वृत्तान्तांतील असून आलेंकारने तो आयमोरेंच्या माथी मारला. म्हणजे पेरीच्या भाषिक आप्तांचा विधी पेरीच्या शत्रूंना चिकटविला गेला. इतकेच नव्हे, कादंबरीतील पेरी हा गोइताका जमातीचा आहे; ‘ग्वारानी’ हे शीर्षक तेथे एकंदर आदिवासी या अर्थाने योजलेले दिसते. इतिहासाशी एवढी ढिलाई केल्यावरही कादंबरी राष्ट्रकथा ठरली याचे कारण राजकीय आहे. १८२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या ब्राझीलच्या राजसत्तेला पोर्तुगालहून निराळा असा पूर्वज हवा होता. आफ्रिकेतून आणलेले गुलाम डोळ्यांसमोर राबत असताना त्यांना हे पद देणे शक्य नव्हते. दासप्रथा १८८८ पर्यंत टिकली. काळाच्या दूरच्या टोकाला उभा केलेला आदिवासी त्यामानाने निरुपद्रवी होता. गोमेसच्याच ‘लो स्क्यावो’ (१८८९) या ऑपेराच्या मूळ आराखड्यात आफ्रिकी गुलाम नायक होता आणि संहितेत त्याच्या जागी आदिवासी आला, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

तथापि खरे आयमोरे दूर नव्हते. १३ मे १८०८ रोजी पोर्तुगालचा युवराज दों जुआँव याने बोतोकुदो लोकांविरुद्ध युद्ध पुकारणारे राजपत्र काढले. युद्धात धरलेल्यांना दहा वर्षे सेवेस ठेवण्याची मुभाही त्यात होती. ते १८३१ मध्ये रद्द झाले, पण वसाहतकारांचा रेटा थांबला नाही. १८८२ मध्ये रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात मानवशास्त्रीय प्रदर्शन भरले तेव्हा जिवंत बोतोकुदो माणसे आणून लोकांना दाखविण्यात आली. त्यापूर्वी बारा वर्षे, २ डिसेंबर १८७० रोजी, बादशहा दुसरा पेद्रो याच्या वाढदिवशी, याच शहरात ‘इल ग्वारानी’चा ब्राझीलमधील पहिला प्रयोग थाटाने झाला होता. एकाच राजधानीत आदिवासी रंगमंचावर गौरविला जात होता आणि संग्रहालयात प्रदर्शित होत होता.

बोतोकुदोंपैकी जे उरले त्यांत क्रेनाक हा प्रमुख समाज होय. रियो दोसे नदीच्या काठी त्यांची वस्ती आहे. लष्करी राजवटीत, १९६९ च्या सुमारास, त्यांच्याच भूमीवर ‘सुधारगृह’ या नावाने आदिवासींसाठी तुरुंग उभारला गेला. १९७२ मध्ये क्रेनाकांना तेथून उठवून दुसरीकडे नेण्यात आले. त्या जागेचे नाव, योगायोगाने, ‘फाझेंदा ग्वारानी’ असे होते. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियाना येथे खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि रियो दोसे नदी गाळाने भरली. एप्रिल २०२४ मध्ये शासनाच्या क्षमादान आयोगाने लष्करी राजवटीतील छळाबद्दल क्रेनाक समाजाची जाहीर क्षमा मागितली.

ही हकीकत सविस्तर सांगण्याचे कारण असे की, २०२३ च्या प्रयोगाची संकल्पना ज्यांची, ते आयल्तोन क्रेनाक याच समाजातले. १९५३ मध्ये जन्मलेले क्रेनाक १९८७ च्या सप्टेंबरात घटना समितीपुढे बोलण्यास उभे राहिले, तेव्हा बोलता बोलता त्यांनी जेनिपापो या फळाच्या काळ्या रंगाने आपला चेहरा माखला. १९८८ च्या घटनेत आदिवासींच्या भूमिहक्कास जी मान्यता मिळाली तिच्या इतिहासात या भाषणाचे स्थान मोठे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्राझीलच्या साहित्य अकादमीने त्यांची निवड केली. या संस्थेतील ते पहिले आदिवासी सदस्य. तेव्हा या पुनर्मंचनाकडे ‘ग्वारानी लोकांनी आपला नायक परत घेतला’ एवढ्याच अर्थाने पाहणे अपुरे ठरेल. ऑपेराच्या भाषेत बोलायचे तर येथे प्रयोगाची सूत्रे आयमोरेंच्या हाती आली आहेत. ज्या टोळीचा अखेरीस दारूगोळ्याने नाश व्हावयाचा, तिच्या वंशजाने ही कृती फेकून न देता ती सादर कशी करावी हे सांगितले. प्रयोगाचे महत्त्व मुख्यतः येथे आहे, आणि वृत्तपत्री वर्णनांत पंखांच्या टोपांची व रंगांची जितकी चर्चा होते तितकी याची होत नाही.

आता दुहेरी पात्रयोजनेचा विचार करावयास हवा. पेरीचे संगीत ऐकले तर त्यात आदिवासी म्हणावे असे काही नाही. पेरी व सेसिलिया यांचे पहिल्या अंकातील प्रसिद्ध युगुलगीत त्या काळच्या उत्तम इटालियन प्रेमगीतांच्या घाटाचे आहे. ते गाताना नायक कोणत्या खंडातला हे कानाला कळत नाही. गोमेसने परकेपणाचा रंग राखून ठेवला तो आयमोरेंसाठी : तिसऱ्या अंकातील नृत्ये, तालवाद्यांचा गजर, समूहाचे ठाशीव लयीतील गायन. सज्जन आदिवासी युरोपियनाप्रमाणे गातो, आणि दुर्जन आदिवासीच तेवढा ‘आदिवासी’ ऐकू येतो. संहितेतील बाप्तिस्मा चौथ्या अंकात होत असला, तरी संगीताने पेरीला तो पहिल्या अंकातच देऊन टाकला आहे. जुन्या प्रयोगांत गायकाच्या अंगाला तपकिरी रंग फासून व डोक्यास पिसे लावून ही विसंगती झाकली जाई. वेर्नर हेर्त्सोग यांनी १९९४ मध्ये बॉन येथे हा ऑपेरा दिग्दर्शित केला व प्लासिदो दोमिंगो यांनी पेरी गायिला. त्या प्रयोगाने युरोपात या विसरलेल्या कृतीकडे पुन्हा लक्ष वेधले, परंतु पेरी कोण हा प्रश्न होता तेथेच राहिला.

गायकाच्या शेजारी ग्वारानी नट उभा केल्याने ही विसंगती झाकली न जाता उघड होते. डोळे एका माणसाला पाहतात आणि कान दुसऱ्याला ऐकतात. ग्वारानी मनुष्याच्या नावाने जे गायिले जात आहे ते त्याच्या तोंडचे नाही, हे सांगण्यासाठी निवेदनाची वा संहितेत ढवळाढवळ करण्याची गरज उरत नाही. उपदेशाचा अतिरेक न करता टीका साधण्याची ही युक्ती कौतुकास्पद आहे. परंतु तिच्यातच एक पेच आहे, आणि तो दृष्टीआड करून चालणार नाही. गाणारा तो गायक, आणि आदिवासी नट पुष्कळसा मूक. ऑपेरात आवाज हीच सत्ता असते. ज्याला स्वर नाही तो कितीही भव्य दिसला तरी प्रेक्षक टाळ्या देतो त्या तारस्वरासाठी. ज्यांना दीड शतक स्वर दिला गेला नाही, त्यांना रंगमंचावर आणून पुन्हा मूक ठेवले, असा आक्षेप घेता येईल. त्यावर गायक म्हणूनच आदिवासी कलावंत घ्यावेत हा उपाय सुचतो. पण या जातीची भूमिका पेलण्यास अनेक वर्षांची विशिष्ट तालीम लागते आणि ती तालीम देणाऱ्या संस्थांची दारे आदिवासींना फारशी उघडी नव्हती. शिवाय उद्या एखादा ग्वारानी गायक पेरी गाऊ लागला, तरी तो जे गाईल ते गोमेसचे आणि स्काल्व्हिनीचेच असेल. दुहेरी योजनेने ही अडचण सोडविली असे म्हणता येत नाही. तिने ती प्रेक्षकांपुढे मांडून ठेवली.

या पेचातून खरी वाट काढली ती जारागुआच्या मेळ्याने, कारण त्याच्यापाशी स्वतःचा स्वर होता. ग्वारानी म्बिया लोकांचे संगीत ऐकताना अनेकांना धक्का बसतो. त्यांची मुख्य वाद्ये पाहावीत : खुळखुळ्यासारखे ‘म्बाराका मिरीं’ आणि स्त्रियांनी जमिनीवर आपटून वाजविण्याची बांबूची नळी ‘ताकुआपु’ ही तर आहेतच; पण त्यांच्या जोडीला पाच तारांची गिटार आणि तीन तारांचे, गजाने वाजविण्याचे ‘रावे’ हीही आहेत. ही शेवटची दोन वाद्ये मुळात युरोपीय आहेत. सतराव्या व अठराव्या शतकांत जेसुइट मिशनांच्या वसाहतींत ग्वारानी कारागीर युरोपीय वाद्ये बनवीत, ग्वारानी वादकवृंद ती वाजवीत, आणि दोमेनिको झिपोली (मृत्यू १७२६) यासारख्या संगीतकाराच्या रचना तेथे गायिल्या जात. मिशने मोडली; वाद्ये राहिली आणि ग्वारानींच्या स्वतःच्या धर्मगीतांच्या साथीला लागली. गोमेस जन्मण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे ग्वारानी लोकांनी युरोपच्या संगीताशी व्यवहार करून त्यातले हवे ते घेतले होते. युरोपियन वाद्यवृंदासमोर ‘अस्पर्श’ आदिवासी उभा करावा ही प्रेक्षकाची सुप्त अपेक्षा या एका वस्तुस्थितीने निकालात निघते.

साओ पाउलोचे हे नाट्यगृह या विषयात तटस्थ स्थळही नव्हे. १९२२ च्या फेब्रुवारीत येथेच ‘आधुनिक कला सप्ताह’ भरला आणि नव्या पिढीने कार्लोस गोमेसला जुनाट ठरविले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नाट्यगृहालगत, लुइजी ब्रिझ्झोलारा या इटालियन शिल्पकाराने घडविलेले गोमेसचे स्मारक उभे राहिले. पुढे १९२८ मध्ये ओस्वाल्द दे आंद्रादे याने आपल्या जाहीरनाम्यात नरभक्षण हेच ब्राझीलच्या संस्कृतीचे रूपक म्हणून पुरस्कारिले : युरोप गिळून पचवावा असा त्याचा आशय. रूपक तेजस्वी होते. पण गोमेसला हसणाऱ्या या मंडळींनीही आदिवासीची प्रतिमाच वापरली; आदिवासी मनुष्य त्यांच्याही सभेत नव्हता.

नाट्यगृहापासून काही कोसांवर जारागुआ डोंगराच्या पायथ्याशी ज्या भूमीतून हा मेळा आला, तिचा इतिहास आणखी निराळा. १९८७ मध्ये शासनाने तेथे ग्वारानींसाठी अवघी १.७ हेक्टर जमीन मान्य केली. २०१५ मध्ये न्यायमंत्रालयाने सुमारे ५३२ हेक्टर क्षेत्र त्यांचे म्हणून घोषित केले. २०१७ मध्ये तीच घोषणा मागे घेण्यात आली आणि प्रकरण न्यायालयात गेले. मे २०२३ मध्ये ऑपेराचे प्रयोग चालू असताना राजधानीत आदिवासी भूमीचे हक्क एका ठरावीक दिनांकाशी जखडणाऱ्या विधेयकावर वाद चालला होता. ३० मे रोजी कनिष्ठ सभागृहाने ते संमतही केले. त्या आठवड्यांत ‘ग्वारानी’ हे नाव नाट्यगृहाच्या दर्शनी भागावर लावणे ही निव्वळ रंगभूमीची गोष्ट राहू शकत नव्हती. कादंबरी आणि ऑपेरा यांत आदिवासी भूतकाळात ठेवलेला आहे : ऑपेरात १५६० च्या सुमारास, कादंबरीत १६०४ मध्ये. जारागुआचे गायक त्या नाट्यगृहात आले ते मात्र त्याच शहराचे रहिवासी म्हणून.

२०२५ मध्ये हा प्रयोग त्याच नाट्यगृहात पुन्हा सादर झाला. गोमेसची स्वरलिपी छापील असल्यामुळे जगातील कोणत्याही शहरात ती मिळवून ‘इल ग्वारानी’ बसविता येतो, आणि आजवर तसाच तो बसविला गेला. जारागुआच्या मेळ्याने जे गायिले ते त्या स्वरलिपीत नाही, आणि कोणा दुसऱ्या नाट्यगृहास ते भाड्यानेही मिळणार नाही. साओ पाउलोचा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करावयाचा तर प्रथम डोंगराच्या पायथ्याशी जाऊन त्या लोकांची संमती घ्यावी लागेल.